पट्टी लावून मागितलेली क्षमा

नुसतं ऐक हं, मध्ये तोंड घालू नकोस. माझी मावसबहीण सन्मती, जयसिंगपूरची. परवा दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. आमच्या जैनांत त्या दिवशी सगळे देवळात जमतात आणि ज्याला दुखावलं त्याच्यापुढं हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतात. सन्मती सकाळी आवरत होती. साडी नेसली, केस विंचरले आणि कानामागची मनपट्टी दाबून नीट बसवली. आपण चष्मा लावतो ना, तितक्या सहज.

मनपट्टी नखाएवढी असते बघ. मेंदूतले संदेश वाचते, मन खोल बुडायला लागलं की बारीकसा झटका देऊन वर आणते. काका, म्हणजे तिचे बाबा, गेले तेव्हा ही पोरगी अंथरुणातून उठत नव्हती, जेवत नव्हती. पट्टी लावली आणि थोड्याच दिवसांत गाणी म्हणत भाकऱ्या थापायला लागली! खरंच सुखात आहे ती. फक्त चिडचिड तेवढी पट्टीला पकडता येत नाही, आणि हल्ली ती जाम वाढलीय.

कारण देवळात तिला काहीच होत नाही. अभिषेक बघते, छान वाटतं. पण छान तर तिला बस चुकली तरी वाटतं! उपवास करून बघितले, पहाटे उठून जाप करून बघितला. काही नाही. शेवटी क्षमावाणीच्या आधी वैतागून पट्टी बसवणाऱ्या डॉक्टर गोगट्यांकडं गेली.

"डॉक्टर, मला रडू येत नाही."

"अहो, मग पट्टी मस्त चाललीय की!"

"देवापुढंसुद्धा येत नाही. पश्चात्तापच होत नाही मला. मग क्षमा कशी मागू?"

"'सण' म्हणून नवीन सेटिंग आलंय. उत्साह वाढतो. टाकून देऊ?"

"मला काय वरातीत नाचायचंय?"

मग ते जरा गंभीर झाले. म्हणाले, पश्चात्ताप आणि ते जुनं बुडणं, मेंदूत दोन्हीची वाट एकच. एकाला सोडलं की दुसरं येणारच. आणि एकदा काढलेली पट्टी परत तशीच लागू पडेल, याची हमी नाही.

आता तिला क्षमा कशाची मागायची होती ते ऐक. काका गेले तेव्हा दवाखान्यातच ती मावशीला, स्वतःच्या आईला, म्हणाली होती, "तूच इथं आणायला उशीर केलास. तूच मारलंस बाबांना." त्यानंतर दोघींनी तो विषय कधी काढलाच नाही.

देवळाच्या अंगणात मी शेजारीच उभी होते. सन्मतीनं हात जोडले. "आई, उत्तम क्षमा." गोड आवाजात, रिक्षावाल्याला 'थांबा हं जरा' म्हणावं तसं.

मावशी बघतच राहिली. मग तिनंच हात जोडले. "उत्तम क्षमा, बाळा. केला गं मी उशीर. शेगडीवर दूध होतं. म्हटलं, एवढं तापू दे, मग निघू." आणि पदर तोंडात धरून रडायलाच लागली.

आणि सन्मती हसत होती! तिचं तिलाच कळलं. गालाला हात लावून बघितला, ओठ अजून तसेच.

"शी! काय आहे हे!" ती ओरडली. सगळं अंगण वळून बघायला लागलं. तिनं पट्टीखाली नख घातलं.

मावशीनं मनगट धरलं. "राहू दे गं. तू जेवतेस, झोपतेस, मला तेवढं पुरे. केली मी क्षमा."

"तू केलीस गं! पण मी मागितली कुठं अजून?"

मावशी मनगट सोडेना, ही नख काढेना. पट्टी काढली तर कदाचित परत तेच अंथरूण, आणि मावशी वाढलेलं ताट घेऊन दाराशी उभी. नाही काढली तर जन्मभर अशीच हसरी, देवापुढंही आणि आईपुढंही.

सन्मतीनं एकदम माझ्याकडं बघितलं. "तू सांग. ओढू का?"

तू तिथं असतीस तर काय सांगितलं असतंस?