दर तिसऱ्या कागदावर

खोटं वाटत असेल तर उमरग्याला जा. बसस्थानकामागं रेवणसिद्धाचं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला काही विचारू नका. नुसता त्याचा उजवा हात बघा.

घडलं ते खरं आहे. आणि रात्री नाही, भर दुपारी घडलंय.

गेल्या माघातली गोष्ट. कर्नाटकच्या हद्दीलगत एक मोठं गुऱ्हाळ आहे. तिथल्या ऑफिसातला प्रिंटर बघायला रेवणसिद्ध गेला होता. त्या दिवशी रस आटवायच्या काहिली धुवायला काढल्या होत्या, म्हणून ऊस पिळायचा चरक बंद. उसाच्या मोळ्या उन्हात निपचित पडल्या होत्या. गुळावरच्या माश्यासुद्धा गप्प होत्या.

"रेवण्णा, हे बघ!" मॅनेजर रणधीरनं कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला. त्याच्या जाड बोटातली चौकोनी खड्याची अंगठी खण्णकन वाजली. "कागदावर म्हैस बसून उठल्यागत दिसतंय. मशीन तुझं का गोठ्यातलं?"

"मशीन तुमचंच हाय साहेब. म्हैस कुणाची ते बघतो," रेवणसिद्ध हसला.

कॉम्प्युटरवर बसणारी दीपाली हसली नाही. ती त्या कागदांकडं बघतसुद्धा नव्हती. रणधीर जेवायला निघून गेला.

रेवणसिद्धाची एक रीत होती. डाग म्हटलं की आधी पट्टी काढायची. प्रिंटरच्या पोटात लहानमोठे रोलर फिरतात. ज्या रोलरला इजा झाली, तो प्रत्येक फेऱ्याला आपला डाग उमटवतो. दोन डागांमधलं अंतर मोजलं की चोर सापडतो.

त्यानं कोरे कागद सोडले.

पहिला स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसऱ्यावर डाग...

पुन्हा दोन स्वच्छ. पुन्हा डाग...

पट्टी हातातच राहिली. एका फेऱ्याला तीन कागद? एवढा जाड रोलर ह्या मशिनीत मावणारच नाही. एवढा जाड रोलर असतो तो फक्त...

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. शेडमधला चरक थंड उभा होता.

त्यानं टोनर बदललं. ड्रम बदलला. डाग गेला नाही. उलट नीट दिसायला लागला. ओढत गेलेली पाच बोटं. खाली तळवा. मनगटाशी फुटक्या बांगड्यांच्या कडा.

त्यानं डागाला बोट लावलं. चिकट... करपलेल्या गुळाचा वास आला.

छपाई चालू असतानाच त्यानं दार उघडून मशीन थांबवलं. कागद अर्ध्यात अडकला. शाई पक्की करणाऱ्या गरम रोलरच्या अलीकडं तो दुधासारखा पांढरा होता. म्हणजे खोट गरम रोलरमध्ये. तो फिरताना बघायचा, तर दार उघडं हवं. आणि दार उघडलं की मशीन आपोआप बंद पडतं.

त्यानं पुठ्ठ्याची घडी केली आणि दाराच्या स्विचमध्ये कोंबली. मशीन फसलं. दार बंद आहे असं समजून गुरगुरायला लागलं.

"दादा, ते काढा." दीपाली उठून उभी राहिली.

"रोजचंच हाय ताई. आमच्यात सगळेच करतात."

"इथं बी सगळे असंच म्हणले होते." तिनं खिडकीबाहेरच्या शेडकडं बोट केलं. "चरकाला जाळी हाय. जाळी उघडली की चरक थांबतोय. सारखा थांबतोय म्हणून रणधीर सायबांनी स्विच तारेनं बांधून टाकला. नीलाक्का ऊस घालायची. जात्यावर म्हणतात तशी ववी म्हणायची. मागच्या हंगामात तिचा हात गेला... मग कोपर... मग खांदा. आमी वरडत व्हतो. चरक थांबंना. रस लाल झाला, तरी थांबंना."

"आणि तार?"

"अजून हाय."

तेवढ्यात आवाज आला.

कर्रर्र... कर्रर्र...

शेडमधून नाही. प्रिंटरमधून. आणि त्या आवाजाखाली, कुणीतरी दळताना गुणगुणावं तसं...

*पयली माझी ववी गं, लोखंडाच्या जात्याला*
*उसासंगं घालू नगं, बाई, आपुल्या हाताला...*

"शिवा शिवा," म्हणत पुठ्ठा काढायला रेवणसिद्धानं हात घातला.

बोटांची टोकं रोलरला लागली.

आणि रोलरनं ती धरली.

त्या फटीत कागद जेमतेम जातो. त्या फटीत त्याची दोन बोटं गेली. उसाचं पेर फुटावं तसं हाड फुटलं. कातडी चरचरली. तो ओरडला. दीपालीनं वायर भिंतीतून उपटली. मशिनीचा दिवा विझला, आतला पंखा थांबला...

रोलर फिरतच राहिला.

तळवा आत जायला लागला.

मग मनगटाला कुणीतरी धरलं. थंडगार, चिकट हातानं. असा हिसका बसला की तो मागच्या भिंतीवर जाऊन आदळला. कोरे कागद त्याच्या रक्तात भिजत गेले. रोलर थांबला.

दीपाली खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होती. वायर हातात धरून.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोन बोटं कापली. मनगटावरचे वळ बघून विचारलं, "ओढलं कुणी तुम्हाला?" वळ बांगड्यांचे होते.

ते मशीन भंगारात गेलं. दीपालीनं काम सोडलं. रेवणसिद्ध आता कुठल्याच स्विचमध्ये काही कोंबत नाही.

एवढ्यावर भागलं असतं.

पण आज सकाळी, दुकानात, दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाच्या मशिनीवर त्यानं कोरे कागद सोडले. पहिला स्वच्छ. दुसरा स्वच्छ.

तिसऱ्यावर हात उमटला. बाईचा नव्हता. जाड बोटं... एका बोटावर चौकोनी खडा.

त्यानं तिथल्या तिथं रणधीरला फोन लावला.

"साहेब, चरकाची तार सोडा. आत्ता. पाया पडतो."

"अरे, तार सोडली की धा वेळा बंद पडतंय ते," रणधीर हसला. "आणि आज काय घाई? चरक बंदच हाय. शेडमधी मी एकटाच हाय."

"साहेब, मग मागं आवाज कसला येतोय?"

"कसला आवाज?"

कर्रर्र... कर्रर्र...

रेवणसिद्धाला तो स्पष्ट ऐकू येत होता. त्याखाली एक बाई दळताना गुणगुणत होती. अगदी फोनाजवळ.

*दुसरी माझी ववी गं...*

फोन कट झाला.

तेव्हापासून तो दिवसभर नंबर लावतोय. रिंग जाते. कुणी उचलत नाही.