एकाच नंबरचे दोघे

पटो न पटो, हे माझ्यासोबत घडलंय. गेल्या मे महिन्यात, अमरावतीला, राजापेठेतल्या माझ्या भाड्याच्या घरात.

तेही रात्री नाही. भर दुपारी.

माझं नाव धम्मदीप. एका परदेशी बँकेचा मेनफ्रेम, म्हणजे तिचा सगळा कारभार चालवणारा अवाढव्य कॉम्प्युटर, मी घरून सांभाळायचो. तेल्हाऱ्याचा अंकुर कामातला माझा जोडीदार. तोही घरूनच काम करायचा.

त्या मेनफ्रेमच्या पोटात युनिक्स नावाच्या प्रणालीचा वेगळा कप्पा असतो. तिथे प्रत्येकाच्या नावामागे एक नंबर असतो, आणि मशीन ओळखतं ते नंबरालाच. आम्हा दोघांना घाईघाईत एकच नंबर दिला होता. तात्पुरता म्हणून. आपल्याकडे तात्पुरतं म्हणजे कायमचं, हे काय वेगळं सांगायचं? त्या नंबरापुढे मशीनला आधी माझं नाव सापडायचं. त्यामुळे अंकुरने केलेलं कामही माझ्याच नावाने दिसायचं.

"कष्ट माहे अन् नाव तुहं," तो हसायचा.

मीही हसायचो.

मार्चमध्ये त्या कप्प्यातलं एक फोल्डर उडालं. बँकेचं काम अर्धा दिवस ठप्प.

उडवणाऱ्याचं नाव... माझं.

कॉलवर सगळ्यांसमोर मी म्हणालो, "अंकुर, सांग ना बाप्पा. तवा तूच काम करून राह्यला होता."

पलीकडून फक्त त्याचं कडं वाजलं. उजव्या हातात तांब्याचं कडं घालायचा तो. एंटर दाबला की ते टेबलावर आपटायचं.

टक... टक... खण.

माझी चौकशी लागली. आणि एप्रिलमध्ये अकोटच्या रस्त्यावर अंकुर ट्रकखाली सापडला, दोन दिवसांनी दवाखान्यात गेला.

राग होता, तरी तेरवीला गेलो. त्याची आई, मैनाबाई, माझा हात धरून म्हणाली, "दवाखान्यात तुहंच नाव घेऊन राह्यला होता, बाबू."

मी तिथेच रडलो. वाटलं, पस्तावला असेल. मनातून त्याला माफ करून टाकलं.

आता चौकशीतून सुटायची एकच वाट होती. कोण कुठून जोडला गेला, याची नोंद नेटवर्क त्याच कप्प्यात ठेवतं. त्यात फोल्डर उडालं त्या वेळचा, अंकुरच्या तेल्हाऱ्याच्या घरचा पत्ता होता. चौकशीच्या माधवी मॅडम सोमवारी ती नोंद उघडणार होत्या. मला तिची कॉपी काढायला मनाई होती.

त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी लाइट गेली. कूलर थांबला. लॅपटॉप बॅटरीवर, नेट मोबाइलवर.

राजापेठेत दुपारीसुद्धा गाड्यांचे हॉर्न थांबत नाहीत.

त्या दिवशी थांबले...

हेडफोन कानाला होता. कॉल चालू नव्हता.

टक... टक...

खण.

मी बायकोला, संध्याला, हाक मारली. काही न सांगता हेडफोन तिच्या कानाला लावला.

"कोणाचं कडं वाजून राह्यलं?" तिने विचारलं.

हेडफोन परत घेऊन मी मेनफ्रेमवर कोण कोण आहे ते पाहिलं. दोघं होते. दोन्ही नावं माझी. दुसऱ्याचा पत्ता तेल्हाऱ्याचा...

अंकुरचा लॅपटॉप कंपनीने केव्हाच परत नेला होता.

खोटं कशाला बोलू, भीतीआधी मला आनंद झाला. मित्र आलाय. खरं सांगायला आलाय.

"अंकुर," मी म्हणालो, "काय झालं ते फक्त लिहून दे."

आवाज थांबला.

मग... खण.

स्क्रीनवर नेटवर्कच्या नोंदीची पहिली फाइल पुसली गेली. मग दुसरी. मी थांबवायला गेलो, तर मशीन माझं ऐकेना. शेवटी लॅपटॉप बंद केला.

हेडफोनमध्ये कडं वाजतच होतं.

सोमवारी माधवी मॅडमनी एवढंच विचारलं, "पुरावा का पुसलात?" पुसणाऱ्याचं नाव माझंच होतं. नोकरी गेली.

त्या संध्याकाळी मी मैनाबाईला फोन लावला. "काकू, शेवटी तो माह्याबद्दल नेमकं काय बोलला?"

"मीच घाबरली होती, बाबू. कंपनीची चौकशी लागली म्हणते, तुले तर काही होत नाही ना, असं इचारलं त्याले. तर म्हणे, आई, भेऊ नोको. सारं धम्मदीपच्या नावावर हाय." मग ती म्हणाली, "मले काही समजलं नाही. पण तुह्या नावानं धीर आला."

मी फोन ठेवला.

आता अकोल्यात एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. हेडफोन वापरत नाही. दुपारी लाइट गेली की मात्र कान टवकारतात...

भुताची भीती नाही वाटत. तो अजून माझ्या नावावर काय काय करून ठेवतोय, ते मला कळत नाही.