ओझं उतरवायला दुसरा हात

सोसायटीच्या कट्ट्यावर मालिकेच्या कालच्या भागावरून पुन्हा जुंपली, आणि नेहमीप्रमाणे वाद कुठंच पोचला नाही. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले बापू मगदूम सांगत होते की शेषानं वाळूमाफियाचा डंपर उचलून थेट कृष्णेत भिरकावला. कुंभोजकरबाई म्हणाल्या, डंपर कुठला, काल तर शेषाचा साखरपुडा झाला, आणि मुलगी चांगली बँकेत नोकरीला आहे.

"तुमच्या घरी साखरपुडा असेल," बापू म्हणाले. "आमच्या घरी त्याला मारामारीतनं सवड नाही."

सगळे हसले, आणि हसून झाल्यावर बोलायला काही उरलं नाही. जो तो उठून आपापल्या जिन्याला लागला. कट्ट्याच्या टोकाला बसलेले नरहर उपळेकर, सगळ्यांचे नाना, तेवढे मागं राहिले. शेषाची मूळ चित्रकथा चाळीस वर्षांपूर्वी एका साप्ताहिकात त्यांनी लिहिली होती. हे सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांना कुणी काही विचारत नसे. विचारलं असतं तरी नानांना उत्तर सुचलं नसतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांचा घसा कोरडा पडायचा. जन्म ग्रंथालयाच्या नोकरीत गेला, तिथं बोलावं लागत नाही म्हणून.

मालिका एकच होती, पण घरोघरी निराळी. बघणाऱ्यानं मनगटावर घड्याळासारखी प्रतिसाद-पट्टी बांधायची. पट्टी नाडी मोजायची, श्वास टिपायची, घरातलं बोलणंही ऐकायची. छाती कुठं धडधडली, जांभई कुठं आली, हे पाहून मालिकेचं यंत्र पुढचा प्रसंग तिथल्या तिथं रचायचं. नटांनी फक्त आपले चेहरे आणि आवाज भाड्यानं दिले होते. चित्रीकरण असं काही होतच नव्हतं. कोणत्या घराला किती बरं वाटलं त्याचा एक आकडा निघे. मालिका चालवणारी कंपनी त्याला समाधानांक म्हणे. तो दर आठवड्याला चढत होता. सगळे समाधानी होते, फक्त एकमेकांशी बोलायला कुणाकडं काही नव्हतं.

नानांच्या घरची गत आणखीच वेगळी होती. शेषानं काही पराक्रम केला की नानांना अवघडल्यासारखं व्हायचं. हे आपण लिहिलं? इतकं बटबटीत? पट्टी ते अवघडणं टिपायची आणि यंत्र पराक्रम थोडा कमी करायचं. असं होता होता आता त्यांच्या घरचा शेषा रिकाम्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यावर बसून नुसता चहा प्यायचा. अर्धा तास. मधेच एखादं कुत्रं यायचं. नाना ते शांतपणे बघायचे आणि झोपी जायचे.

शेषा हा हळदीच्या बाजारातला हमाल. वाटेल ते ओझं तो उचलू शकतो. पण एकदा उचललेलं ओझं त्याच्या पाठीतून जात नाही. पोतं खाली ठेवलं तरी त्याचं वजन आत राहतं. गाडी उचलली, तिचं राहिलं. कोसळणारी भिंत पेलली, तिचंही राहिलं. दर कथेत शेषा थोडा अधिक वाकतो. आणि शेवटच्या कथेत, पुराच्या दिवशी, पूल पेलून धरलेला असताना, तो खाली बसतो. एकटाच. पाणी येतं आणि कथा संपते. त्या शेवटावर तेव्हा वाचक फार चिडले होते. लोकांनी नानांना तोंडावर भेकड म्हटलं. शेवट बरोबर होता की चूक, याचा नानांना आजवर उलगडा झाला नव्हता. पण मालिकेचा करार करताना या बुजऱ्या माणसानं दोन अटी घातल्या होत्या: ओझं पाठीत राहतं हा नियम यंत्रानं मोडायचा नाही, आणि शेवटची कथा नानांच्या संमतीशिवाय बदलायची नाही.

दुपारी त्याच संमतीसाठी कंपनीच्या केतकी सबनीसचा फोन आला होता. मुलगी गोड बोलायची, पण आवाज दमलेला असायचा, जणू दिवसभर तिनं हेच बोलणं पन्नास जणांशी केलं आहे. मालिका संपवायचीच नाही, असं कंपनीनं ठरवलं होतं. ज्याला जोवर हवी तोवर ती त्याच्या घरी चालत राहील. नानांनी फक्त शेवटावरचा हक्क सोडायचा.

"काका, लोकांना तो बसलेला नको आहे," ती म्हणाली. "आम्ही शंभर घरांत दाखवून पाहिला. आकडा धाडकन खाली आला."

नानांनी उद्यापर्यंत विचार करतो म्हणून सांगितलं. विचार कसला करणार? एवढे लोक नको म्हणतात, तर आपणच चुकलो असू, असं त्यांना वाटू लागलं होतं.

ते कट्ट्यावरून उठले तेव्हा वरून हाक आली. त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधल्या शालन जगदाळे गॅलरीत उभ्या होत्या.

"नाना, आज आमच्यात या बघायला. आठला लागतंय."

शालनवहिनी एकट्या राहत. मुलगी इस्लामपूरला दिलेली. मुलगा सुजित तीन पावसाळ्यांपूर्वीच्या पुरात गेला. लोकांना होडीतून काढत होता, चौथ्या खेपेला होडी उलटली. शरीर मिळालं नाही. त्यामुळं खांदा नाही, स्मशानाच्या वाटेवरचा विसावा नाही, काहीच झालं नाही. वहिनी त्यानंतर हळूहळू बाहेर पडेनाशा झाल्या. अलीकडं मात्र बऱ्या दिसत, वेळेवर स्वयंपाक करत, आणि सोसायटी म्हणे की मालिकेनं बाईला सावरलं.

नाना गेले तेव्हा टीव्हीसमोर दोन ताटं वाढलेली होती. एक त्यांच्यासाठी असेल असं समजून ते संकोचले. पण वहिनींनी त्यांना वेगळं ताट आणून दिलं.

मालिका सुरू झाली. शेषा मार्केट यार्डाच्या फाटकातून आत आला आणि नानांच्या हातातला घास तसाच राहिला. शेषा जवळजवळ काटकोनात वाकला होता. त्यांच्या घरी तो इतका वाकलेला नव्हता. आणि त्यानं पोतं डाव्या खांद्यावर घेतलं होतं. नानांचा शेषा उजव्या खांद्याचा होता, साऱ्या चित्रांत. डाव्या खांद्यावर ओझं घेणारा एकच मुलगा त्यांना ठाऊक होता. लिफ्ट बंद पडली की तो त्यांचा गॅस सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर आणून द्यायचा, आणि दारात टेकवताना "हळू हं नाना, पाय काढा" म्हणायचा.

"डावीकडं घे म्हणून मीच सांगितलं त्याला," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या पहिल्यांदा चुकायचा."

मालिकेतल्या माणसांशी बोलायची सवय वहिनींना आधीपासूनच. सासूला शिव्या द्यायच्या, सुनेला शहाणपण शिकवायचं. आपल्याकडं घरोघरी बायका हेच करतात, आणि पूर्वी कुणी ऐकत नव्हतं. आता ऐकणारं यंत्र होतं. एकदा त्या सहज म्हणून गेल्या, "जेवलास का रे?" तेव्हा त्यांची नाडी कशी झाली असेल कोण जाणे. पुढच्या भागापासून शेषा थांबून उत्तर देऊ लागला. हे असंच वाढत गेलं. यंत्राला सुजित नावाचं कुणी माहीत नव्हतं. बाईला कशानं बरं वाटतं, एवढंच त्याला कळत होतं.

पडद्यावर शेषा थांबला. मान वर होत नव्हती, तरी त्यानं ती कष्टानं वळवली.

"जेवलीस, आई?"

"बसलेय रे," वहिनी म्हणाल्या. "तू आवर तुझं."

नानांनी ताट बाजूला ठेवलं. आपण लिहिलेल्या वाक्यांना भुतं लागली आहेत असं त्यांना वाटलं, आणि लगेच, बाईला मुलगा मिळाला त्याला आपण भूत म्हणतो, याची लाजही वाटली.

पडद्यावर एका शाळेचा छज्जा कोसळू लागला आणि शेषा त्याखाली जाऊन उभा राहिला.

"तुम्ही म्हणे त्याचा शेवट करणार," वहिनी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. कुंभोजकरबाईंनी फोनचं बोलणं ऐकून जिनाभर पोचवलं असणार. "करू नका, नाना. हात जोडते."

"नाही करत," नाना पुटपुटले. ते इतक्या सहज हो म्हणाले की त्यांना स्वतःलाच हलकं वाटलं. उद्या केतकीला सांगितलं की संपलं. पण वहिनींचा चेहरा हलका झाला नाही.

"दमलाय हो तो," त्या काही वेळानं म्हणाल्या. "रोज आणखी वाकतोय. मी म्हणते उचलू नको, तर ऐकत नाही. बाकी सगळं ऐकतो, तेवढंच नाही. मला बघवत नाही. पण टीव्ही बंद केला की तो अंधारात तसाच उभा असेल असं वाटतं, म्हणून इस्लामपूरलाही जात नाही."

तो का ऐकत नव्हता हे नानांना कळलं. तोंडानं वहिनी नको म्हणत, पण शेषानं ओझं पेललं की त्यांची नाडी म्हणत असणार: तो आहे, तो अजून उभा आहे. यंत्र नाडीवर विश्वास ठेवायचं. आणि ओझं पाठीतून जात नाही, हा नियम तर खुद्द नानांचा.

शेषाचे गुडघे थरथरत होते. हळदीनं पिवळे झालेले तळवे त्यानं मांड्यांवर रोवले होते. ते बघता बघता नानांना मार्केट यार्ड आठवला. शेषा सुचला त्या काळात ते तिथं नुसते बघत बसायचे. कितीही धट्टाकट्टा हमाल असो, भरलं पोतं पाठीवर घेताना दोघं हात लावतात. आणि उतरवताना? उतरवताना तर लागतोच दुसरा हात. नाहीतर कंबर जाते. पाठीवर ओझं असलेला माणूस नुसता ओरडतो, "हात लावा रे," आणि मागून जो कुणी असेल तो येतो. मागचा कोण हे त्याला दिसतही नाही.

हे इतकं समोर असून त्यांनी शेषाला चाळीस वर्षं एकट्यानं उभं केलं, आणि शेवटी एकट्यानं बसवलं. तो बसला यात काही चूक नव्हती. बसताना मागं कुणी नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले. घसा कोरडा पडलाच. "तो तुमचंच ऐकतो. त्याला बस म्हणा."

"म्हणते की रोज."

"पट्टी काढून म्हणा."

वहिनींनी मनगटाकडं पाहिलं. पट्टीखालची कातडी पांढुरकी पडली होती. ती त्या आंघोळीलाही काढत नसाव्यात. "काढली तर तो जाईल," त्या म्हणाल्या.

"बंद होईल, हो. कुणाच्या तरी हातावर ती लागते." नाना थांबले. आपण बोलतो आहोत ते हास्यास्पद आहे, आपला काही अधिकार नाही, असं सगळं मनात येऊन गेलं. मग त्यांनी हात पुढं केला. "माझ्या हातावर बांधा. माझ्या घरी तो रोज बसूनच असतो."

वहिनी त्यांच्याकडं बघत राहिल्या. पडद्यावर छज्ज्याची माती शेषाच्या मानेवर पडत होती. मग त्यांनी पट्टीचं बक्कल काढलं. चित्र क्षणभर गोठलं. नानांच्या मनगटाला ती सैल झाली, म्हणून वहिनींनी दोन्ही हातांनी घट्ट धरली. चित्र पुन्हा हललं.

"बस बाळा," वहिनी म्हणाल्या. "पोरं निघाली बाहेर. ठेव आता खाली."

नानांनी डोळे मिटले. त्यांना ठरवून कुठली भावना मनात आणायची नव्हती. आयुष्यभराचा थकवा होता, तो तेवढा त्यांनी अडवला नाही.

डोळे उघडले तेव्हा छज्जा जमिनीवर होता आणि शेषा त्याच्याकडं पाठ करून खाली बसत होता. सावकाश, जणू मागून कुणी भार धरला आहे. पाठ सरळ झाली नाही, नियम नियमच होता. पण तो बसला. तळवे झटकले. हळद उडाली.

"हात कुणी लावला, आई?" त्यानं मागं न वळता विचारलं.

वहिनींच्या हाताखाली नानांची नाडी जोरात चालली होती. शेषानं थोडी वाट पाहिली, मान हलवली, आणि पडदा काळा झाला. वहिनी कितीतरी वेळ रडल्या. मग उठून त्यांनी दुसरं ताट उचललं आणि त्यातला भात झाकून ठेवला.

सकाळी त्यांनी मुलीला फोन केला. नानांनी केतकीला केला. शेवटावरचा हक्क सोडणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि हे आपणच बोलतो आहोत यावर त्यांचा विश्वास बसेना. शेषा बसणार. मात्र कधी, ते ज्या त्या घरानं ठरवायचं. आणि तेव्हा पट्टी दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर हवी. एकट्याच्या नाडीवर यंत्रानं त्याला बसवायचं नाही. बदलायचं ते एवढंच.

आता ती आकड्यांबद्दल बोलेल म्हणून ते वाट पाहत राहिले. पलीकडं तिच्या खोलीत कुठंतरी टीव्ही चालू होता, आणि त्यात कुणीतरी धापा टाकत काहीतरी उचलत होतं.

"काका," केतकी म्हणाली, आणि तो आवाज कंपनीचा नव्हता. "पण ज्याच्या घरी दुसरं कुणीच नाही, त्यानं पट्टी कुणाच्या हातावर बांधायची?"