मागचा डावा स्पीकर

रविवारी सकाळी सात वाजता अश्वजितने दूध तापवले, मायच्या कानातल्या यंत्राची बॅटरी बदलली आणि दिवाणखान्यातला, पाच स्पीकरांना जोडलेला रिसीव्हर सुरू केला. विष्णुपुरीच्या त्या वसाहतीत नुकतेच नळाला पाणी आले होते. खाली कुणीतरी बादल्या सरकवत होते. रिसीव्हरच्या काचेवर गेले नऊ दिवस उमटत होती तीच अक्षरे उमटली : पीसीएम.

म्हणजे आज पुन्हा तेच : संगणकाने आवाज स्वतःच उलगडून पाठवला होता.

उमरीच्या विहारात दोन वर्षांपूर्वी त्याने वर्षावासातली वंदना पाच मायक्रोफोन लावून मुद्रित केली होती. वंदना सांगत होते त्याचे वडील, रामकिशन गुरुजी. मागच्या हिवाळ्यात ते गेले आणि त्यांच्या आवाजाची ही एवढीच नोंद उरली. संगणकाने हात न लावता ते पाच आवाज जसेच्या तसे रिसीव्हरकडे सोडले, तर पाच स्पीकरांतून अख्खा विहार उभा राहणार होता. पण संगणक पाचांचे दोन करत होता, आणि त्या काल्यात गुरुजी पंख्यांच्या घरघरीखाली बुडून जात होते.

मायचा, सरजाबाईंचा, डावा कान केव्हाच गेला होता. उजव्याला लातूरच्या डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती.

“झालं का रे?” त्यांनी विचारले.

“होऊन राहिलंय, माय.”

“नऊ दिवसांपासून होऊनच राहिलंय. येवढ्यात गुरुजींनी तुझ्यासारखे चार ढ चौथी पास केले असते.”

अभियांत्रिकीच्या पोरांना उपकरणे शिकवणाऱ्या माणसाला हे झोंबणारे होते. त्याने केबल बदलली होती, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला होता. आवाज जसाच्या तसा सोडणाऱ्या ‘पास-थ्रू’ची खूण तो करी आणि दुसऱ्या दिवशी ती आपोआप पुसलेली असे. काल मागचा डावा स्पीकर गुणगुणू लागला, तेव्हा वैतागून त्याने त्याची वायरच उपटली होती. तिचे वेटोळे टेबलावर पडले होते.

मग एकाएकी त्याच्या ध्यानात आले. स्पीकर किती आहेत, हे संगणक रिसीव्हरला विचारतच नव्हता. तो टीव्हीला विचारत होता, आणि टीव्हीला दोनच स्पीकर होते. त्याने तिन्ही यंत्रे बंद केली. आधी रिसीव्हर लावला, मग टीव्ही, शेवटी संगणक.

काचेवरची अक्षरे बदलली.

त्याने वंदना लावली आणि खात्रीसाठी संगणकावरचा आवाज शून्यावर नेला. पंख्यांची घरघर तसूभरही उतरली नाही. हेच बरोबर होते. आता आवाज संगणकाच्या ताब्यात नव्हता.

चटया सरकल्या. एक लेकरू रडले. समोरून गुरुजी खाकरले, आणि सरजाबाईंनी हात जोडले.

गुरुजींची एक रीत होती. शील सांगून ते थांबत. सगळ्यांनी मागून म्हटल्याशिवाय पुढे जात नसत. मागे बसलेला एखादा गप्प राहिला, तरी त्यांना कळे. पहिले शील झाले, दुसरे झाले. तिसरे सांगून ते थांबले. विहाराने मागून म्हटले.

गुरुजी थांबलेलेच होते.

पडद्यावरचे सेकंद पुढे सरकत होते. पंखे ऐकू येईनासे झाले.

“कुणाचा तरी आवाज न्हाई आला.”

आवाज मागून आला. डावीकडून.

तिथला मायक्रोफोन त्या दिवशी अश्वजितच्या गुडघ्यापाशी होता. आपला आवाज मुद्रणात शिरू नये म्हणून तो वंदनेत तोंड मिटून आवाजाची पातळी दाखवणारा काटा बघत बसला होता. गुरुजी तेव्हा चाळीस फूट लांब, पार पुढे होते.

सरजाबाईंनी मान वळवली. डावीकडेच.

“कोन राहिलं हो, गुरुजी?”

त्याने रिमोट दाबला. पडद्यावरचे आकडे थांबले.

“आवाज न्हाई आला.” रागावून नव्हे, वर्गात म्हणावे तसे.

त्या स्पीकरची वायर टेबलावरच होती. तांब्याची दोन्ही टोके उघडी.

त्याचा हात मेन स्विचपर्यंत गेला.

“म्हण की रे,” माय म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. वर्षभरात पहिल्यांदाच ती काही ऐकण्यासाठी धडपडत नव्हती.

त्याने हात मागे घेतला. चटईवर बसून हात जोडले आणि तिसरे शील म्हटले.

पंखे सुरू झाले. चौथे शील त्याच्या खांद्यामागून आले.

वंदना संपल्यावर त्याने वायर गुंडाळून खणात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सातला तो कानाचे यंत्र घेऊन आला, तेव्हा सरजाबाईंनी मान हलवली. “ऱ्हाऊ दे. तू नुस्तं म्हणत जा.”

रिसीव्हर त्याने लावला नाही. दोन चटया अंथरल्या. थोडा वेळ उभा राहिला, मग मागे डावीकडे तिसरी अंथरली. दोघे हात जोडून बसले. पहिले शील कोण सांगणार, हे दोघांपैकी कुणीच विचारले नाही.