भाग्यश्रीच्या लग्नाचे फोटो

शुभंकर, तुझ्या ताईच्या लग्नाला कुठला कॅमेरा घ्यायचा ते उद्या सकाळी ठरवा. तो मोबाइल पालथा ठेव आधी, डोळ्यांवर उजेड येतोय. कॅमेऱ्यावरून आठवलं म्हणून सांगतो, एरवी मी हे सांगत नाही. खडकीच्या फॅक्टरीत माझ्या शेजारच्या टेबलावर उत्तरेश्वर म्हणून होता. लातूरकडचा. हे त्याच्या घरात घडलं.

दोन हजार सहा सालच्या नोव्हेंबरची चोवीस तारीख, शुक्रवार. रात्री साडेआठला उत्तरेश्वर स्कूटर काढून बुधवार पेठेत निघाला. मागवलेली लेन्स आली आहे, घेऊन जा, असा दुकानातून फोन आला होता. रविवारी त्याच्या मुलीचं, भाग्यश्रीचं लग्न.

लेन्स मागवली होती त्याच्या मुलानं. योगेश हिंजवडीत कंपनीत होता. सप्टेंबरात बापलेक मिळून त्या दुकानात गेले होते. दुकानदारानं ही भली मोठी झूम आणि वर फ्लॅश काढून ठेवला.

योगेश म्हणाला, "फ्लॅश नको."

"लग्नाचे फोटो ना? मग काय, अंधार काढणार?"

"बहिणीचे डोळे मिटतात हो फ्लॅशनं. साखरपुड्याच्या एकाही फोटोत ती जागी नाही."

मग त्यानं एक छोटी लेन्स सांगितली. कमी उजेडात चालणारी. तिच्यात झूम नाही. "अण्णा, हिला जवळचं हवं असेल तर आपणच चालत पुढे जायचं."

"मग तूच चाल बाबा. मला मांडवात बसू दे," उत्तरेश्वर म्हणाला. हे त्यानं मला दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं, हसत हसत. कॅमेरा त्यांनी त्याच दिवशी घेतला. ती लेन्स तेवढी दुकानात नव्हती.

दिवाळीला बारा दिवस असताना योगेश गेला. रात्रपाळी करून कंपनीच्या गाडीनं घरी येत होता. वाकडच्या चौकात ट्रकनं गाडी उडवली. सव्वीस वर्षांचा होता.

व्याही माणसं चांगली. म्हणाले, तारीख मोडू नका, चार माणसांत साधेपणानं करू. फोटोवाला बोलवायचा विषय निघाला तेव्हा उत्तरेश्वर म्हणाला, मी काढणार. जन्मात कधी कॅमेऱ्याचं बटण दाबलं नव्हतं त्यानं. पण त्याला अडवायचं कुणी?

तर त्या शुक्रवारी तो दुकानात पोचला तेव्हा नऊ वाजले होते. अर्धं शटर खाली. दुकानदारानं पावती बघितली आणि खोका पुढे सरकवला.

"तुमच्या घरात एकमेकांना सांगायची पद्धत नाही वाटतं? मुलगा आत्ताच येऊन गेला."

उत्तरेश्वरला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय.

"कुणाचा मुलगा?"

"तुमचा. चष्मेवाला. सप्टेंबरात आला होता तोच. लेन्स हातात घेऊन बघितली, बरोबर आहे म्हणाला. म्हटलं, घेऊन जा मग. तर म्हणे, नको, अण्णा निघालेत घरून, त्यांच्याकडेच द्या."

"किती वेळ झाला?"

"अर्धा तास. का हो?"

मुलगा जाऊन दीड महिना झाला, हे उत्तरेश्वरनं सांगितलं नाही. मला म्हणाला, "सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, माझी चूक झाली, दुसरं कुणी असेल. मला ते नको होतं."

परत येताना त्यानं स्कूटर अगदी हळू चालवली. शिवाजीनगर गेलं. वाकडेवाडी गेली. एका खांबाखाली थांबून त्यानं हात मागे नेला आणि सीट चाचपून बघितली.

काही नव्हतं.

घरी गावाकडची पाहुणेमंडळी झोपली होती. त्याच्या बायकोलाही, इंदुबाईंना, त्यानं काही सांगितलं नाही. कपाटातून कॅमेरा काढला, स्वयंपाकघरात गेला, दार लोटून घेतलं. दाराकडे पाठ करून ओट्याखाली फरशीवर बसला. लेन्स बसवायला लागला.

बसेना. इकडून फिरवून बघितली, तिकडून बघितली. बाहेर एकाचा टोल पडला. लेन्स पाडली असती तर संपलंच होतं सगळं. तो तशीच ती छातीशी धरून बसला... आणि रडला. आवाज न करता. बाहेर पाहुणे होते ना.

मग मागे कुणीतरी बसलं.

दार वाजलं नव्हतं. पाऊल वाजलं नव्हतं. पण बसलं. फरशीवर, त्याच्या पाठीला लागून नाही... वीतभर अंतरावर. श्वास ऐकू येत होता.

"ठिपक्याला ठिपका, अण्णा."

हळू आवाज. नेहमीचा.

उत्तरेश्वरनं लेन्सवरचा पांढरा ठिपका बघितला. कॅमेऱ्यावरचा बघितला. जुळवला. फिरवली.

खट्.

बसली.

तो वळला नाही. मी त्याला विचारलं होतं, घाबरलास का? म्हणाला, "हो. वळलो आणि मागं कुणी नसलं तर... ह्याला घाबरलो."

बराच वेळ गेला. श्वास होता.

मग त्यानं विचारलं. भिंतीकडे बघत. दीड महिना पोटात ठेवलेलं.

"लई लागलं का रे तुला?"

...

"मी यायला पाहिजे होतं न्यायला. मी झोपलो होतो."

...

"रविवारपर्यंत थांब. भागूला जाऊ दे. मग जा."

...

पहाटे इंदुबाई दूध तापवायला आल्या, तेव्हा तो तसाच भिंतीकडे तोंड करून बसलेला होता. कॅमेरा मांडीवर. पाठ ताठ. रात्रभर एकदाही वळला नव्हता.

रविवारी लग्न लागलं. मी होतो. सगळ्या लग्नात तो एकच कॅमेरा. उत्तरेश्वर लेकीच्या पुढ्यात जाऊन जाऊन फोटो काढत होता. अक्षता डोक्यावर पडत होत्या तरी हलत नव्हता. पाठवणीपर्यंत धीर धरला त्यानं. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मग मात्र मला त्याला धरावं लागलं. समोर रस्ता रिकामा होता. कार्यालयाच्या दारात आम्ही दोघंच उरलो होतो.

आठवड्यानं त्याच कॅमेऱ्यातले प्रिंट मीच आणून दिले. तिघं बसून बघत होतो. एकाही फोटोत भाग्यश्रीचे डोळे मिटलेले नव्हते. इंदुबाई प्रत्येक फोटो पदरानं पुसून खाली ठेवत होत्या. शेवटच्या फोटोला थांबल्या.

"अहो, हा कुणी काढला?"

मी घेऊन बघितला. उत्तरेश्वरनं बघितला.

कार्यालयाचं दार. अगदी समोरून, चार पावलांवरून काढलेला. मी त्याचा खांदा धरून उभा आहे. उत्तरेश्वरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलंय... आणि कॅमेरा त्याच्या गळ्यात लटकतोय.