दोन वाजून वीस मिनिटांची नोंद

"जोहराआपा, पोरीचा जीव घेऊन राहिलेत हे लोक!"

नीलाबाई उंबऱ्यातूनच बोलत आल्या. त्या कॉलेजात नृत्याचा कोर्स शिकवत. त्यांच्यामागे एक सडपातळ मुलगी होती, रडून रडून डोळे सुजलेली.

सिंधुताईंनी पाट सरकवले. इतक्यात पंखा घरघरत थांबला. बारा वाजले होते.

"गेली मेली लाइट," सिंधुताई पदरानं वारा घेत म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात सकाळी आठ ते बारा जायची ते बरं होतं. सोमवारपासून ऐन दुपारी चार तास! माणसानं जेवावं कसं?"

"तू जेवतेस, मी बघते की," जोहराआपा म्हणाल्या. "बस गं पोरी. नाव काय तुझं?"

"आरती. हदगावची."

जोहराआपांनी तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात काढली होती. भूकंपाच्या वेळी त्या लातूरला होत्या. तीन दिवस, तीन रात्री बोर्डावर बसून त्यांनी माणसांना माणसं जोडून दिली. सिंधुताई तेव्हा लातूरच्या शाळेत शिकवत. त्या गर्दीतच दोघींची ओळख झाली. तेरा वर्षं झाली त्याला. आता दोघी नांदेडला एका गल्लीत राहत, आणि लोक आपली कोडी घेऊन जोहराआपांकडे येत. आपा ती सोडवत. सिंधुताई शेजारी बसून ऐकत आणि बहुधा चुकीच्या माणसावर संशय घेत.

नीलाबाईंनी सांगितलं ते असं. आरती नेटवर्किंग आणि सायबर सुरक्षेचा डिप्लोमा करत होती, जोडीला नृत्याचा कोर्स. परीक्षेचा पेपर शनिवारपासून लॅबच्या सर्व्हरवर, म्हणजे मुख्य संगणकावर, कुलूपबंद ठेवलेला होता. मंगळवारी संध्याकाळी लातूरच्या झेरॉक्सच्या दुकानांतून त्याच्या प्रती निघाल्या. बुधवारी, म्हणजे आजच, परीक्षा रद्द झाली. लॅबच्या सरांनी सर्व्हरच्या नोंदीतली एक ओळ छापून दिली होती : सोमवार, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं, आरतीचा पासवर्ड, पेपरची नक्कल.

"आज प्रार्थनेला सातशे पोरांसमोर उभं केलं हिला," नीलाबाई म्हणाल्या. "संस्थेचे अध्यक्ष अमृतराव माइकवरून म्हणले, ही चोर आहे. वर काय म्हणले माहीत आहे? ‘नाचणाऱ्या पोरीकडून दुसरी काय अपेक्षा!’"

सिंधुताईंच्या हातातला पदर थांबला. "असं म्हणाले? माइकवरून?"

"हाव. शुक्रवारी हिच्या वडिलांना बोलावलंय. नाव काढणार आणि दाखल्यावर चोरी लिहिणार. मग कुठलं कॉलेज घेईल हिला?"

"सोमवारी दोन वीसला तू कुठं होतीस?" आपांनी विचारलं.

"हॉलमध्ये. तालीम बारापासून होती. दोन ते पावणेतीन जेवणाची सुट्टी. सगळ्या कॅन्टीनला गेल्या. माझी नाचातली एक चक्करदार तिहाई बसत नव्हती, म्हणून मी थांबले." आरती खाली बघत म्हणाली. "एकटीच."

"म्हणजे साक्षीदार नाही."

"न्हाई."

"तालमीला विजेशिवाय टेप कसा वाजला?"

"जनरेटर!" नीलाबाई उसळल्या. "त्यासाठी तर मी भांडले. रविवारी तालमीत कुणीतरी मध्येच खटका फिरवला आणि आमचा टेप बंद. सोमवारी सकाळी दहाला अमृतरावांकडे गेले. त्यांनी उठून स्वतः खटका हॉलकडे फिरवला आणि माझ्यादेखत त्याच्या पेटीला कुलूप घातलं. काय उपकार केल्याची भाषा!"

जोहराआपांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

चारला लाइट आल्यावर दोघी कॉलेजात गेल्या. पहिल्यांदा भेटले महादेवप्पा शिपाई. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. त्यांचा भाचाही याच परीक्षेला बसणार होता. सिंधुताईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते बिचारे दोन पावलं मागे सरले.

"लॅबला कुलूप असतं का, मामा?" आपांनी विचारलं.

"पाचपर्यंत उघडीच. कोन बी येतं, कोन बी जातं."

"लाइट गेल्यावर संगणक चालतात?"

"बॅटरीवर पंधरा मिंटं. पोरं बंद करून निघतात. जनरेटर लॅबला दिला तर चालतात."

"लॅबला पण आणि हॉलला पण?"

महादेवप्पा हसले. "येक बैल दोन नांगर वडील का, बाई? खटका हिकडं केला तर लॅब, तिकडं केला तर हॉल. सोमवारी तर खटक्याला कुलूपच व्हतं. किल्ली घेऊन सायब अकराला मुदखेडला गेले, ते दिवं लागल्यावर आले."

"मंगळवारी लॅब कुणी उघडली?"

"दयानंदसरांनी. लातूरहून पहिल्या एस्टीनं उतरले, सातलाच थेट हितं. लई घाईत. ‘आठच्या आत उरकायचंय’ म्हणले. चहाला बी थांबले न्हाईत."

दयानंदसर लॅबमध्येच होते. नेटवर्किंग, सायबर सुरक्षा, दोन्ही तेच शिकवत. शुक्रवार ते सोमवार लातूरला त्यांचा स्वतःचा क्लास असे. सिंधुताईंना लातूर आठवलं ते डाळमिलच्या वासाचं, आडतीवरच्या पोत्यांचं. आता तिथं प्रत्येक गच्चीवर क्लासची पाटी आणि पाटीवर पोरांचे फोटो. भूकंपात गाव ज्यांनी सावरलं ती माणसं वेगळी, आणि ही वेगळी, असं त्यांना राहून राहून वाटे.

"माझ्या कपाळी ही बदनामी," दयानंदसर म्हणाले. "सोमवारी दोन वीसला मी क्लासमध्ये ऐंशी मुलांसमोर उभा होतो. नाहीतर माझ्यावरच आळ आला असता."

"पासवर्ड कोण देतं मुलांना?"

"मीच. आणि सर्व्हरचा मुख्य पासवर्ड माझ्याशिवाय कुणाकडे नाही. मी नसलो तरी सोमवारी दोन ते तीन आरतीचं प्रॅक्टिकल असतं. बरोबर जुळतं. बाई, माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही."

सिंधुताईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "सर, तुमच्या मशीनचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे की!"

"असं?" सरांनी दोन ठिकाणी टिचकी मारली. "हे बघा, झालं बरोबर. एका क्षणाचं काम."

"केवढी सोय," जोहराआपा म्हणाल्या.

बाहेर आल्यावर सिंधुताई कुजबुजल्या, "त्या महादेवप्पाचं काही खरं नाही. किल्ल्या त्याच्याकडे, भाचा परीक्षेला."

"मास्तरीणबाई, तुला सगळं कळलंय. फक्त कळल्याचं कळलेलं नाही."

गुरुवारी सकाळी, प्रार्थनेच्या अर्धा तास आधी, आपांनी सगळ्यांना लॅबमध्ये जमवलं. अमृतराव घड्याळ बघत उभे होते.

"लवकर आटपा. पोरीनं कबूल करावं, मी मोठ्या मनानं माफ करतो. दाखल्यावर काही लिहीत नाही."

"माफ?" सिंधुताईंचा आवाज चढला. "कशाबद्दल?"

"थांब गं," आपा म्हणाल्या. "अमृतराव, सोमवारी दुपारी लाइट होती?"

"नव्हती. बारा ते चार. पण जनरेटर चालू होता."

"कुणासाठी?"

"हॉलसाठी. मीच खटका…" ते थांबले.

"बोला. कुलूप कुणी घातलं? किल्ली कुठं होती?"

अमृतरावांचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

"तुमच्या खिशात. मुदखेडला. म्हणजे बारा ते चार या लॅबमध्ये बॅटरीची पंधरा मिनिटं सोडली तर वीजच नव्हती. मग दोन वीसला मशीन चाललं कशावर? हे सगळ्यांत आधी तुम्हाला कळायला हवं होतं. साक्ष तुमच्या खिशात, आणि चोर ठरवली ही पोर!"

महादेवप्पा दारातून म्हणाले, "मला म्हाईत व्हतं. पन मला कोन इचारतंय?"

"म्हणजे वेळ खोटी," आपा पुढे म्हणाल्या. "घड्याळ मागे फिरवून कुणीतरी नंतर नक्कल केली. घड्याळ फिरवणं एका क्षणाचं काम, ते काल आम्ही पाहिलं. ज्याच्याकडे मुख्य पासवर्ड आहे त्याच्यासाठी. पण त्यानं सोमवारचे दोन वीसच का निवडले? एक, वेळापत्रकात तेव्हा आरतीचं प्रॅक्टिकल; ती तालमीला होती हे त्याला माहीत नव्हतं. दोन, तेव्हा तो स्वतः दूर होता, ऐंशी साक्षीदारांसमोर."

दयानंदसर हसले. "हे सगळे तर्क आहेत."

"ऐका तर. नांदेडातल्या एकाही माणसानं ही चूक केली नसती. सोमवारी दुपारी सगळं गाव घामानं निथळत होतं. लाइटची वेळ बदलली, हे ज्याला माहीत नाही असा माणूस गावाबाहेरच होता. मंगळवारी सात वाजता इथं येऊन तो म्हणाला, ‘आठच्या आत उरकायचंय.’ आठच का? कारण मागच्या आठवड्यात आठला लाइट जायची! त्याच्या हिशेबानं सोमवारी दुपारी या लॅबमध्ये वीज होती."

सिंधुताईंनी कपाळावर हात मारला. हे तर त्या स्वतःच बोलल्या होत्या, पंखा थांबला तेव्हा.

"सर, तुम्ही नोंदीची एकच ओळ छापून दिलीत," आपा म्हणाल्या. "वरच्या आणि खालच्या ओळी दाखवा."

दयानंदसरांचा हात जागचा हलला नाही.

"मी दाखवते," आरती म्हणाली. "नुसती वाचायला मुख्य पासवर्ड लागत नाही." तिनं खुर्ची ओढली. तिची बोटं भराभर चालली. "नोंदीला क्रमांक असतात. घड्याळ कितीही फिरवा, क्रमांक पुढेच जातात. सरांनीच शिकवलंय. हे बघा. सोमवार, बारा दहा, मशीन बंद. चारला चालू, पाचला बंद. मंगळवारी सात दहाला चालू. आणि त्याच्या खाली…"

अमृतरावांनी वाकून वाचलं. "सोमवार, दोन वीस."

"मंगळवारच्या खाली सोमवार," जोहराआपा म्हणाल्या. "असा आठवडा कुठल्या पंचांगात असतो, सर?"

दयानंदसर पडद्यापासून मागे सरले. "क्लासचा निकाल… यंदा समोरच दोन नवे क्लास निघालेत. पाटी टिकवायची तर… मला वाटलं, तिचं एवढं काय बिघडणार? नाचाबिचात रमणारी मुलगी. पुढे लग्नच तर…"

"ती तुमची विद्यार्थिनी होती!" सिंधुताई ओरडल्या. चाळीस वर्षांच्या मास्तरकीत त्या वर्गाबाहेर असं कधी ओरडल्या नव्हत्या. "कुलूप लावायला शिकवायचं तुम्ही, आणि तिच्याच नावाची किल्ली करून घर फोडलंत. वर तिची लायकी ठरवता?"

अमृतराव खाकरले. "हे बघा, संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे. सर राजीनामा देतील. आठवड्यानं नव्या पेपरनं परीक्षा घेऊ, आरती बसेल. वडिलांना येऊ नका म्हणून निरोप धाडतो. बोभाटा नको."

"पोलिसांत मी सकाळीच कळवलंय," आपा शांतपणे म्हणाल्या. "ते येतील. तुमचा बोभाटा तुम्ही बघा."

अमृतराव आरतीकडे वळले. "झालं ना मग मनासारखं, बाळ?"

आरती उठली. तिनं सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "मला चोर म्हणलात, ते?"

"ते… एक पत्र देतो तुला. सही-शिक्क्यानिशी."

"बोललात तोंडानं, आणि परत घेता कागदानं?" जोहराआपा म्हणाल्या.

बाहेर घंटा झाली. मैदानावर सातशे पोरं रांगेत उभी राहत होती. अमृतराव एकदा आपांकडे, एकदा सिंधुताईंकडे बघत राहिले. दोघी म्हाताऱ्या दारात उभ्या होत्या आणि बाजूला व्हायचं नाव घेत नव्हत्या. शेवटी त्या सरकल्या, अमृतरावांना मैदानाकडे जाता येईल एवढ्याच.

अमृतरावांनी माइक हातात घेतला. नीलाबाई आरतीचा हात धरून पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"काल… काल माझ्याकडून एका विद्यार्थिनीबद्दल काही चुकीचं बोललं गेलं. आरतीनं चोरी केलेली नाही. आणि नृत्याबद्दल मी जे म्हणालो, तेही…" त्यांनी माइक तोंडापासून दूर नेला.

"मोठ्यानं, अमृतराव," मागून सिंधुताई म्हणाल्या. "काल शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं."