बर्फातली दुसरी पावलं

कुणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. देवासला, टेकडीखालच्या एका गल्लीत, गेल्या हिवाळ्यात. धवलने स्वतः सांगितलेलं.

धवल आणि अल्पनाची एकुलती एक मुलगी चिऊ. तिचा लाडका सिनेमा एकच... आईला शोधणाऱ्या अस्वलाच्या पिल्लाचं कार्टून. घरातली कॉपी पार धूसर होती.

"बाबा, बर्फ म्हणजे नुसता पांढरा डाग दिसतो," ती कुरकुरायची.

धवलने चांगली ब्लू-रे डिस्क मागवली.

डिस्क आली, तेव्हा चिऊ नव्हती.

निमोनियाने नेलं तिला.

एका संध्याकाळी देवाजवळ दिवा लागल्यावर अल्पना म्हणाली, "लाव ना. तिच्यासाठीच आणली होतीस."

धवलने लावली.

चित्र इतकं लख्ख, की पिल्लाच्या अंगावरचा केस न् केस दिसत होता. पिल्लू मोकळ्या बर्फातून चाललं होतं. मागे त्याच्या पंजांचे ठसे.

आणि शेजारी...

आणखी ठसे. अनवाणी. लहान मुलाचे.

डावं पाऊल जरासं आत वळलेलं.

चिऊ तशीच चालायची.

तेवढ्यात सिनेमातलं संगीत थांबलं. सोफ्यामागच्या स्पीकरमधून आवाज आला...

खोकला.

"तिला थंडी वाजतेय रे," अल्पना पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी धवलने मित्राला, रणवीरला, बोलावून तोच सीन दाखवला.

"भिया, पिक्चर तो एकदम झकास है!" रणवीर म्हणाला. "दूसरे निशान? कहाँ? मेरे को तो भालू के ही दिख रहे."

खोकलाही त्याला ऐकू आला नाही.

मग रोज संध्याकाळी तेच. पण ठसे बदलत होते. आधी पिल्लाच्या शेजारी असायचे, मग मागे पडू लागले. दमल्यासारखे. एक दिवस ते मधेच संपले. तिथे बर्फात एक लहानसा खळगा होता...

कुणीतरी बसल्यासारखा.

अल्पनाने टीव्हीपुढे हीटर लावला. चिऊचा स्वेटर पडद्याला टेकवून ठेवला. तिचं जेवण सुटलं.

धवलची आई, अक्का, म्हणाल्या, "पोर अडकलीय त्यात. सोडव रे तिला."

अल्पनाला न सांगता धवल डिस्क घेऊन नेमावरला गेला. भर दुपारी, घाटावर वाकून त्याने ती नर्मदेत सोडली.

घरी आला, तर अल्पना रिकाम्या प्लेयरसमोर बसलेली.

"कुठे आहे ती?"

त्याने सांगितलं.

ती ओरडली नाही. रडलीही नाही.

"तिथे निदान ती होती," एवढंच म्हणाली. "तू तिला बुडवलंस."

धवलने तोच सिनेमा पुन्हा मागवला. तेच चित्र, तितकंच लख्ख. दोघांनी शेवटपर्यंत पाहिला.

बर्फात फक्त पिल्लाचे पंजे.

मागचा स्पीकर गप्प.

अल्पना अजूनही रोज तो लावते. नवऱ्याशी बोलत नाही. अक्का म्हणतात, पोर सुटली. धवल मान डोलावतो.

पण थंडी पडली की त्याला झोप लागत नाही. डिस्क सोडताना त्याचा हात मनगटापर्यंत पाण्यात गेला होता...

पाणी फार गार होतं.